धार-देवासचे रंगसंगीत: शिलालेखापासून तबकडीपर्यंत

माळव्यातील धार येथे १९०३ साली भोजशाळा-कमाल मौला मशीद परिसरात एक मोठी काळी शिळा उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिचे महत्त्व ओळखले. ८२ ओळींच्या त्या लेखात दानपत्राची भाषा नव्हती, वंशावळही नव्हती. नांदी, सूत्रधार, नटी, विदूषक अशी सारी मंडळी असलेली ती एक नाटिका होती. नाव ‘पारिजातमंजरी’ किंवा ‘विजयश्री’, कर्ता मदन. हा मूळचा गौड देशाचा, ‘बालसरस्वती’ हे बिरुद मिरवणारा आणि परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू. अर्जुनवर्म्याचे ताम्रपट तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले असल्याने नाटिकेचा काळही साधारण तोच. इ. हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ती संपादून छापली. चार अंकांपैकी पहिले दोनच हाती आले आहेत. उरलेले दोन बहुधा जोडीच्या दुसऱ्या शिळेवर असावेत.

कथानक राजस्तुतीचे आहे. गुजरातच्या जयसिंहावर अर्जुनवर्म्याने विजय मिळवला, तेव्हा आकाशातून पारिजाताच्या फुलांचा एक गुच्छ त्याच्या छातीवर पडला आणि त्याची एक तरुणी झाली. पट्टराणी सर्वकला ही कुंतल देशच्या राजाची मुलगी. तिच्या नजरेआड राजाचे या नव्या नायिकेशी प्रेम जमते. दुसऱ्या अंकात राणीच्या कर्णभूषणात नायिकेचे प्रतिबिंब दिसते आणि राजा त्यात हरवून जातो. अंकाचे नावही त्यावरूनच ‘ताडंकदर्पण’. नाटिका धारानगरीत वसंतोत्सवात व्हायची आहे, असे प्रस्तावनेतच सांगितले आहे. संस्कृत नाटकाच्या प्रथेप्रमाणे स्त्रीपात्रे प्राकृतात बोलतात, आणि प्राकृत पद्यासाठी परंपरेने मान्य झालेली भाषा म्हणजे महाराष्ट्री.

दगडावर नाटक कोरण्याची हौस त्या काळी धारेपुरती नव्हती. अजमेरलाही चाहमान राजांच्या काळातील ‘ललितविग्रहराज’ आणि ‘हरकेलि’ ही नाटके शिळांवर सापडली आहेत. मात्र अशा शिळेतून प्रयोगाचा जेमतेम अर्धा भाग टिकतो. पात्रांची वाक्ये आणि पद्यांची वृत्ते अक्षर न् अक्षर उरतात. ती पद्ये कोणत्या चालीत म्हटली, नटीने कुठे ताल धरला, वसंतोत्सवातल्या प्रेक्षकांनी कशाला दाद दिली, यातले काहीही उरत नाही. धार-देवासच्या संगीताचा पुढचा इतिहास या उरलेल्या अर्ध्या भागाभोवतीच फिरतो. गळ्यातून निघालेली गोष्ट पुढच्या पिढीला कशी मिळते, आणि मिळाल्यावर ती पिढी तिचे काय करते, हा तो प्रश्न आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या माळवा मोहिमांबरोबर पवार घराणी इथे आली. एक शाखा धारेत स्थिरावली. तुकोजी आणि जिवाजी या भावांना देवास मिळाले आणि तिथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. गावातल्या एखाद्या रस्त्याची एक बाजू एका महाराजांची तर दुसरी दुसऱ्यांची, इतपत ही वाटणी गेली. या सरदारांमागून देशावरचे आणि कोकणातले कारकून, शास्त्री, पुराणिक, वैद्य, हरदास आले. पेशव्यांच्या घरातल्या भाऊबंदकीचे सावटही धारेवर पडले. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातला. कीर्तन, भजन, लळित आणि पुढे नाटक यांची आवड असलेला मराठी समाज माळव्यात असा रुजला. घरात मराठी, बाजारात माळवी आणि कचेरीत हिंदी ही त्याची रीत आजही मोडलेली नाही.

मराठी रंगभूमीने संगीताला मध्यवर्ती स्थान दिले ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’च्या प्रयोगाने. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून अण्णासाहेबांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पारशी कंपन्या आपल्या गाण्याच्या खेळांना बिनदिक्कत ‘ऑपेरा’ म्हणत. अण्णासाहेबांनी जे उभे केले ते युरोपीय ऑपेरापेक्षा वेगळे होते. ऑपेरात बहुधा सारे संवाद गायले जातात आणि प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून दिलेला असतो. संगीत नाटकात गद्य संवादाला मान होता, आणि पदाची चाल ठरलेली असली तरी तिचा विस्तार नटाच्या तयारीवर आणि प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’वर सोडलेला असे. ‘शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदे होती. खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. असा प्रयोग दर रात्री निराळा होई, आणि त्यातली कोणती रात्र खरी मानायची हे सांगणे अवघड असे.

माळवा या नाटकमंडळ्यांच्या फिरतीच्या टापूत होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे ही त्यांच्या आश्रयाची मोठी ठिकाणे. देवासची सोयरीक कोल्हापूरशी. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार (तिसरे) यांचा विवाह शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी १९०८ साली झाला. तो संसार टिकला नाही, पण नाते टिकले. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह १९४७ साली शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. नाटक, कुस्ती आणि गाणे यांचे वेड असलेले कोल्हापूर आणि माळव्याच्या पठारावरचे हे जुळे संस्थान यांच्यात कलावंतांची ये-जा होती.

त्या ये-जा करणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव रजब अली खाँ (१८७४-१९५९) यांचे. गायक म्हणून ते प्रसिद्ध असले तरी बीनेचा अभ्यासही त्यांनी केलेला होता, आणि त्यांच्या तानांच्या अनपेक्षित वळणांत त्याची खूण दिसे, असे जाणकार सांगत. कोल्हापुरातही त्यांचा काळ गेला. संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना १९५४ साली मिळाला. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रणाच्या रूपाने फार थोडे उपलब्ध आहे. त्यांचा ठसा शोधायचा तर तो इतरांच्या गळ्यांत शोधावा लागतो. निवृत्तिबुवा सरनाईक हे त्यांपैकी एक. ‘यशवंत संगीत मंडळी’चे शंकरराव सरनाईक हे निवृत्तिबुवांचे काका. घरात नाटक कंपनी आणि शिक्षणात देवासच्या खाँसाहेबांची तालीम, असा हा संयोग. रजब अलींचे पुतणे अमानत खाँ ‘देवासवाले’ मुंबईत गेले आणि तिथे त्यांच्याकडे शिकायला आलेल्यांत लता मंगेशकर होत्या. बलवंत संगीत मंडळीच्या दीनानाथांची ही मुलगी इंदुरात जन्मलेली. तेव्हा माळव्याची तालीम आणि मराठी रंगभूमीचा वारसा तिच्यात पुन्हा एकत्र आले, असे म्हणायला हरकत नाही. इंदूरचे गायक अमीर खाँ यांच्या गाण्यातही रजब अलींची छाया अनेकांना ऐकू येते.

देवासच्या गाण्याची दुसऱ्या एका मार्गाने नोंद झाली, आणि तो मार्ग अगदी अनपेक्षित होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३च्या भारतभेटीत देवासला येऊन गेले होते. १९२१ साली ते तुकोजीरावांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने तिथे राहिले. त्या काळातली पत्रे आणि आठवणी त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापल्या. नावातली टेकडी म्हणजे गावावर उभी असलेली चामुंडेची टेकडी. नव्या राजवाड्यात धूळ खात पडलेल्या सामानाची त्यांनी केलेली नोंद मोठी बोलकी आहे. त्यात दोन पियानो होते, एक हार्मोनियम होते. सारे कोरे करकरीत, आणि सारे निकामी. माळव्याच्या कोरड्या हवेने लाकूड चिरलेले आणि पट्ट्या अडकून बसलेल्या. युरोपचे संगीत देवासला पोहोचले ते असे, वस्तूच्या रूपाने. वाजवणारे कोणी नव्हते.

त्याच पुस्तकात गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे दीर्घ वर्णन आहे. महाराज मुक्काम हलवून जुन्या वाड्यात राहायला येत. दिवसचे दिवस भजन चाले, वेगवेगळी वाद्ये एकाच वेळी वाजत, आणि राजा स्वतः अनवाणी देवापुढे गात-नाचत असे. फॉर्स्टर यांना त्या गोंगाटाचा त्रास झाला आणि त्यांनी तो लपवला नाही. तरी १९२४ साली आलेल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग याच उत्सवावर उभा आहे, आणि त्यात प्राध्यापक गोडबोले या दक्षिणी ब्राह्मणाच्या भजनी मेळ्यात तुकारामाचा गजर होतो. वारकरी भजनाची धाटणी इंग्रजी कादंबरीत शिरली ती देवासच्या वाटेने. रजब अली खाँ ज्या गावात होते त्याच गावात हा लेखक राहिला, पण त्याला तिथले रागसंगीत फारसे भिडले नाही. त्याला भिडली ती समूहाची, थोडी बेसूर, दमेपर्यंत चाललेली भक्ती. लेखकाचा कान पाश्चात्त्य संगीतावर तयार झालेला होता हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

या चिटणिसाचा पुढे ऑपेराशी थेट संबंध आला. अमेरिकन लेखक हर्मन मेल्व्हिल यांच्या ‘बिली बड’ या लघुकादंबरीवर बेंजामिन ब्रिटन यांनी रचलेल्या ऑपेराची संहिता फॉर्स्टर यांनी एरिक क्रोझियर यांच्यासोबत लिहिली. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १ डिसेंबर १९५१ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. नायकाची भूमिका अमेरिकन गायक थिओडोर अपमन याने केली. युद्धनौकेवरची ही कथा असल्याने सगळी पात्रे पुरुषांची, सगळे आवाज पुरुषी. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या मंडळीतही बराच काळ सगळे गाणारे पुरुषच असत, पण तिथे नायिका असे आणि तीच गाण्याचा केंद्रबिंदू असे. मूळ चार अंकांचा हा ऑपेरा १९६० साली ब्रिटन यांनी दोन अंकांत बसवला. आज बहुतेक ठिकाणी ही दुसरी आवृत्तीच गायली जाते आणि पहिली अभ्यासकांपुरती उरली आहे. लिहून ठेवलेल्या संगीताचेही एकच एक रूप नसते, हे यावरून दिसते.

संगीत नाटकाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला तो ग्रामोफोनमुळे. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. सुरुवातीला कर्ण्यासमोर ओरडून गावे लागे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि आवाजातले बारकावे टिपता येऊ लागले. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या तबकड्या घरोघरी पोहोचल्या त्या याच तंत्राने. किर्लोस्कर मंडळीत ‘मानापमान’ १९११ साली आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ साली ‘स्वयंवर’ आले आणि त्याला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. १९१९ साली बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे नाटककार गडकरी हयात नव्हते. या नाटकांतले एखादे पद रंगमंचावर रंगले की अर्धा-अर्धा तास चाले. तबलजी म्हणून अहमदजान थिरकवाँसारखा माणूस साथीला. तबकडीत त्याचा सारांशच येई, आणि तोही घाईघाईने.

मात्र या सारांशाने एक निराळा श्रोता घडवला. नाटकाचे तिकीट आयुष्यात एकदा काढलेला माणूस तबकडी शंभरदा ऐकू शकत होता. प्रयोगात पात्राचे सौंदर्य, शालू, प्रकाश, प्रेक्षागृहातला सुगंध हे सारे गाण्याला बिलगलेले असे. तबकडीने ते सोलून बाजूला ठेवले आणि नुसता आवाज शिल्लक ठेवला. त्यामुळे बालगंधर्वांच्या गाण्याकडे गाणे म्हणून पाहण्याची सोय झाली. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा याच पिढीचा. लहानपणी तो मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. एका मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. (त्याच १९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली आणि मेल्व्हिलची ‘बिली बड’ही त्याच्या मृत्यूनंतर प्रथम छापली गेली. तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी देवासचा इतिहास लिहिणाऱ्याला हे साल डावलता येत नाही.)

कुमारांचे शिक्षण मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे झाले. देवधरांची शाळा ऑपेरा हाऊस भागात होती. ज्या नाट्यगृहावरून त्या भागाला हे नाव पडले, त्याच रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये पुढे मराठी नाटकांचे प्रयोगही झाले. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा आणि आवाजाच्या शास्त्राचाही अभ्यास केला होता. त्यांच्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवय येत. हुबेहूब नक्कल करणारा मुलगा तिथे नक्कल सोडायला शिकला, आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच ठरला.

क्षयाने आजारी झालेले कुमार ३० जानेवारी १९४८ रोजी पत्नी भानुमती यांच्यासह देवासला आले. कोरडी हवा मानवेल, असा त्यामागचा विचार होता. पियानो चिरणारी हीच ती हवा. इंदूरचे रामूभैया दाते यांच्यासारखे रसिक पाठीशी होते आणि भानुमतींनी तिथे शिक्षिकेची नोकरी धरली. सुमारे पाच वर्षे कुमारांना गाता आले नाही. स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले म्हणून ते वाचले. गायला बंदी असलेला गवय या काळात फक्त ऐकत राहिला. खिडकीखालून जाणाऱ्या बाया, बाजाराला आलेले खेडूत, नाथपंथी जोगी यांची गाणी त्याने ऐकली आणि त्यांतून राग कसा उगवतो याचा विचार केला. ‘मालवा की लोकधुनें’ हा कार्यक्रम, लोकधुनांतून उगवलेले ‘धुनउगम’ राग आणि निर्गुणी भजनांची त्यांची खास शैली या ऐकण्यातून निघाली. १९६५ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’च्या पहिल्या भागात या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या गेल्या. एका निकामी फुफ्फुसामुळे त्यांची तान तुटक झाली, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. आजारानंतरच्या गाण्यातले छोटे, टोकदार स्वरसमूह आणि त्यांच्यामधली शांतता ही निवड होती, आणि ती निवड लोकगीतांच्या रचनेशी जुळते.

याच धर्तीचे काम थोडे आधी अमेरिकेत घडले होते. जॉर्ज गर्श्विन यांनी ‘पोर्गी अँड बेस’ रचताना १९३४चा उन्हाळा दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनजवळच्या फॉली बेटावर काढला आणि तिथल्या गल्ला कृष्णवर्णीयांची प्रार्थनागीते व ताल ऐकले. १९३५ साली बॉस्टनला पूर्वप्रयोग झाल्यावर लांबी कमी करण्यासाठी बरेच संगीत छाटले गेले आणि न्यूयॉर्कला तोच छाटलेला खेळ गेला. तिथे १२४ प्रयोग झाले. हा ऑपेरा आहे की गाण्यांचे नाटक, यावर टीकाकार भांडत राहिले. काही गाणी सुटी होऊन जगभर गायली गेली, पण संपूर्ण रचनेची ध्वनिमुद्रिका लोरिन माझेल यांच्या संचालनाखाली १९७०च्या दशकाच्या मध्यात आली तेव्हा कुठे मूळ आकृतिबंध ऐकू आला. मेट्रोपॉलिटन ऑपेराने ‘पोर्गी अँड बेस’ १९८५ साली प्रथम रंगमंचावर आणले. अमेरिकेत संपूर्ण संहिता लिहिलेली असल्याने उशिरा का होईना, मूळ परत मिळवता आले. ‘स्वयंवर’च्या १९१६च्या रात्री मात्र कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. तिथे तबकड्या आणि आठवणी एवढेच साहित्य होते, आणि या तुटपुंज्या साहित्यावर कुमारांनी देवासला बसून काम केले.

त्यातून १९६०च्या दशकाच्या मध्यास ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम उभा राहिला. तोवर बालगंधर्व पंचाहत्तरी ओलांडलेले, पद्मभूषण मिळालेले आणि शरीराने थकलेले होते. त्यांची हुबेहूब नक्कल करणारे गायक गावोगाव होते आणि लोकांना ती नक्कल हवीही होती. बालपणी नकलेसाठीच नावाजलेल्या कुमारांनी नेमकी तीच वाट टाळली. शीर्षकातच ‘मला उमजलेले’ म्हणून त्यांनी मर्यादा आखून घेतली. बालगंधर्वांचा आवाज गोल, अखंड, एका शब्दातून दुसऱ्या शब्दात विरघळत जाणारा. त्यांची लय इतकी सहज की ती आहे हे कळतच नाही. कुमार तीच पदे गाताना लय उघडी करून दाखवतात. स्वर कुठे लागतो आणि शब्दावरचा जोर कुठे हलतो, हे ते ठळक करतात. बालगंधर्वांची मुरकी ज्या ठिकाणी श्रोत्याला गुदगुल्या करून निघून जाते, तिथे कुमार क्षणभर थांबतात, आणि ती मुरकी रागाच्या कोणत्या अंगातून आली हे लक्षात येते.

या गायनावर नाराज झालेले लोक थोडे नव्हते. ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचा लडिवाळपणा आणि ‘एकच प्याला’मधल्या सिंधूचे कारुण्य हरवले, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. पात्र बाजूला ठेवल्याशिवाय असे विश्लेषण होत नाही, आणि पात्र बाजूला ठेवले की नाटक उरत नाही. पण मराठी नाट्यसंगीतावर आजवर झालेल्या समीक्षेत इतकी काटेकोर समीक्षा शब्दांत क्वचितच सापडेल. हजारो पानांच्या गौरवग्रंथांनी बालगंधर्वांना देवघरात बसवले. कुमारांनी त्यांना गायक म्हणून तपासले आणि त्या तपासणीत ते आणखी मोठे ठरले. पुढे या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे रंगमंचावरून तबकडीत, तबकडीतून मैफलीत आणि मैफलीतून पुन्हा तबकडीत, असा त्या पदांचा प्रवास झाला.

कुमारांचा काव्य-नाट्याशी संबंध एवढ्यावर संपला नाही. भा. रा. तांबे (१८७३-१९४१) यांचा देवासशी शिक्षणापासूनचा संबंध. त्यांच्या कवितांवर कुमारांनी ‘तांबे गीत रजनी’ बांधली. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वसंत देसाई यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी पार्श्वगायन केले. त्यातले वाणी जयराम यांच्यासोबतचे द्वंद्वगीत रेडिओमुळे मराठी घरांत कायमचे राहिले. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’, ‘त्रिवेणी’ असे एका सूत्रात ओवलेले कार्यक्रम त्यांनी सादर केले. सुरुवात, चढ, विसावा आणि शेवट आखलेल्या या कार्यक्रमांना एक नाट्यरूप होते. एका संध्याकाळी दोन राग आणि एक भजन या प्रचलित मैफलीपेक्षा ही रचना रंगभूमीला अधिक जवळची आहे.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमारांचे देवासला निधन झाले. टेकडीच्या पायथ्याचे ‘भानुकुल’ हे घर त्यानंतरही गाते राहिले. कुमारांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधरा कोमकली २०१५ पर्यंत तिथे शिकवत होत्या. कन्या कलापिनी कोमकली आणि नातू भुवनेश कोमकली यांनी ते काम पुढे नेले, आणि २०२३-२४च्या जन्मशताब्दीत देशभर कार्यक्रम झाले. कुमारांच्या मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे अनेक रसिकांनी स्पूलवर आणि पुढे कॅसेटवर करून ठेवली होती. शिष्य सत्यशील देशपांडे यांनी मुंबईत संवाद फाउंडेशनच्या रूपाने अशा ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह उभारला. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ हा माहितीपटही आहे. अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांनी कुमारांच्या कबीरगायनावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्य साधन होते ते हेच ध्वनिमुद्रित गाणे.

रजब अली खाँ यांच्या बाबतीत अशी सोय नाही, आणि ही देवासच्या संगीतेतिहासातली मोठी उणीव आहे. आकाशवाणीच्या काळातले आणि म्हातारपणचे जे थोडे हाती लागते, त्यावरून तरुण रजब अलींचा अंदाज बांधणे धाडसाचे आहे. बालगंधर्वांच्या बाबतीत साधन भरपूर, पण तेही मुख्यतः तीन-तीन मिनिटांचे. २०११ साली आलेल्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी ती पदे नव्या तंत्राने गायली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे हेतू पात्र उभे करण्याचा होता, तेव्हा लडिवाळपणा परत आला. कुमारांचे गाणे आणि भाटे यांचे गाणे यांत बरे-वाईट ठरवण्याचे कारण नाही. दोघांनी वेगवेगळ्या कामासाठी तीच तबकडी ऐकली.

नव्याने ऐकू पाहणाऱ्याने क्रम मात्र सांभाळावा. आधी बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची तबकडी, खरखर सोसून दोन-तीनदा ऐकावी. नंतर ‘मला उमजलेले बालगंधर्व’मधले तेच पद लावावे. उलट्या क्रमाने ऐकले तर कुमारांनी काय ठेवले ते कळते, पण काय गाळले ते कळत नाही. आणि त्या कार्यक्रमाचे अर्धे मोल गाळण्यातच आहे.